सांडलेलं पीठ खळीला

॥ श्री ॥
२ मार्च

चि. बारकीस,

ताईचे आशीर्वाद. वर्षाला एक, अशी आजवर अकरा पत्रं तुला पाठवली, हे बारावं. एकाचंही उत्तर आलं नाही. पण आमच्यात एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते म्हणतात, "पत्र परत येत नाही ना? मग पत्ता जिवंत आहे." तेवढ्या भरवशावर लिहिते. कागद पाठकोरा आहे, चालवून घे. मागे दूधवाल्याचे खाडे दिसतील.

बातमी अशी की तुझी ताई सत्तावन्नाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून परदेशी निघाली आहे. धावायला. हसू नकोस. म्हणजे हस, पण पुढे वाच.

दोन वर्षांपूर्वी सकाळची फेरी मारत होते. हातात माळ, तोंडात नाम. रस्त्यावर बघते तर पिठाची चिमूट. दहा-बारा पावलांवर आणखी एक. पुढे आणखी. मला वाटलं, कोणाची तरी दळणाची पिशवी फाटली. आता आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे: सांडलेलं पीठ पोटात नाही आणि केरातही नाही, ते खळीला. बाबा पुस्तकं बांधायचे, आई मोरचूद घालून खळ शिजवायची आणि आपण दोघी चाळणी धरायचो. ती सवय हातातून जाते होय? मी रुमाल पसरला आणि एकेक चिमूट गोळा करत निघाले, वर ओरडतेय, "अहो पिशवीवाले! पिशवी गळतेय तुमची!"

किलोमीटरभर गेल्यावर एक अर्धी चड्डीवाला गृहस्थ सापडला. पिशवी धडधाकट. तोच मुठीनं पीठ टाकत होता.

"बाई, मी मुद्दाम टाकतोय."

"मुद्दाम? अन्न?"

"मागून पंचवीस जण पळत येताहेत. त्यांना वाट कळायला नको?"

मी रुमालाकडे पाहिलं. त्यांची वाट माझ्या रुमालात होती.

ते पंचवीस जण तासाभरानं कुठून कुठून उगवले. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तर त्यांनी मला मध्ये उभं करून टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं, "गळकी पिशवी". त्यांच्यात खरं नाव चालत नाही. कोणीतरी पुढे जाऊन पिठाची वाट आखायची, बाकीच्यांनी ती शोधत जायचं. शर्यत नाही, पहिला नंबर नाही, शेवटी चहा आणि बेसूर गाणी. वाट आखणारा मध्येच खोटी वाटही टाकतो. तीन ठिपके आणि पुढे फुली. जोरात पळणारे तिच्यात फसतात, फुली बघून परत येतात, तेवढ्यात माझ्यासारख्या मागच्या बायका त्यांना गाठतात. असा न्याय मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

हे म्हणाले, "घरात केर काढताना कंबर धरतेस आणि रस्त्यावर धावतेस?" मी म्हटलं, "घरात केर काढल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही." त्यावर हे पेपरात शिरले ते जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत. पण पाठपिशवीचे पट्टे माझ्या मापाचे यांनीच करून दिले.

तर दर दोन वर्षांनी देशोदेशीच्या अशा मंडळ्यांचा मेळा भरतो. यंदा तो तुझ्या शहरात आहे. मी काही तुझ्यासाठी येत नाहीये, गैरसमज नको. सगळे निघाले म्हणून मी निघाले. मागच्या वेळी दुसऱ्या शहरात होता तेव्हा माझे गुडघे दुखत होते, एवढंच.

आईचं म्हणशील तर दरवर्षी लिहिते तेच. तिनंच सांगितलं होतं, बारकीला कळवू नकोस, उगीच तिच्या जिवाला घोर लागेल. मी तिचा शब्द पाळला.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
९ मार्च, वाटेवर

चि. बारकीस,

दोन बसगाड्या आणि एक बोट झाली, अजून एक आगगाडी राहिली आहे. आम्ही तिघं आहोत. एक पोस्टमन. खोट्या वाटेवरून सगळ्यांच्या आधी परत फिरणारे तेच असतात, म्हणून त्यांचं नाव "उलट टपाल". दुसरी आमच्या गल्लीतली शिवणवाली. पहिल्याच दिवशी कुंपण ओलांडताना तिची चड्डी फाटली, म्हणून ती "उसवण". आयुष्यभर दुसऱ्यांचं शिवलं आणि नाव हे मिळालं, पण ती ते मिरवते.

राहायला एकावर एक पलंगांची खोली. आठ बायका, सात भाषा. मला वरचा पलंग आला. चढले तीही देवाचं नाव घेत आणि उतरले तीही. खालच्या पलंगावरची मुलगी मला चढताना बघून हात जोडते. तिला वाटतं ती आमची शिडी चढायची रीत आहे.

तुझ्या ताईचा सगळा संसार आठ किलोंत बसला आहे. दोन साड्या आणल्या होत्या, त्यातली एक परत पाठवली. उसवणीनं शिवलेल्या सदरा-पायजम्यात मी वावरते. खिसा मात्र आतून घेतला आहे, त्यात माळ आणि आम्हा तिघांच्या प्रवासखर्चाची छोटी वही. उलट टपाल प्रत्येक गावात टपालपेटी दिसली की तिचं झाकण वर करून बघतात. काल म्हणाले, "बिजागरीला तेल नाही. इथल्या लोकांना एकमेकांची आठवण येत नसावी."

आज दुपारी एक गंमत झाली. गंमत म्हणजे काय, नाहीच ती. उसवण माझ्या पिशवीचा पट्टा शिवत होती. एकदम म्हणाली, "पिशवी, तुझी बहीण त्याच शहरात ना? मग तिच्याकडे का नाही उतरत आपण? मला ह्या शिडीचा वैताग आलाय."

"ती बोलत नाही माझ्याशी."

"काय केलंस?"

"मी? मी काय करणार!"

"मग तिनं काय केलं?"

"काही नाही."

"दोघींनी काही केलं नाही आणि अकरा वर्षं बोलणं बंद? टाका नाही आणि तरी उसवलाय, असा कपडा मी बाई पाहिला नाही."

मग मी तिला आईचं सांगितलं. आई माझ्याकडे होती, नऊ दिवसांचं दुखणं झालं, तीच म्हणाली कळवू नकोस, आणि सगळं आटोपल्यावर मी तुला तिच्या त्या शब्दासकट कळवलं. उसवणीनं दोरा दातानं तोडला. म्हणाली, "शुद्धीवर होती ना तुझी आई? आणि धाकटीला बोलावू नको म्हणाली? माझी आई नुसती शिंकली तरी चारही लेकींना निरोप जायचा."

मी म्हटलं, "पट्टा झाला का?"

संध्याकाळी माळ घेऊन बसले. एकशे आठ मणी डोळे मिटून मोजणारी बाई मी, आज तीनदा मध्येच चुकले. प्रवासाचा शीण असेल.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
१४ मार्च, तुझ्या शहरातून

बारके,

हा कागद कोरा आहे. मागे काही नाही, उलटून बघू नकोस.

काल तुझी गल्ली पाहिली. लिफाफ्यावर इतकी वर्षं जो पत्ता लिहिला तो भिंतीवर लिहिलेला बघून मला उगीच हसू आलं. खाली तुझं पुस्तकबांधणीचं दुकान, वर तू. पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब काचेतून दिसला, बाबांच्या दाबासारखाच, वरचं चाक जरासं वाकडं. दारातल्या फळीवर पुठ्ठे वाळत घातले होते. तू पाठमोरी होतीस आणि पाठ शिवत होतीस पुस्तकाची. मान तशीच डावीकडे. मी समोरच्या थांब्यावर दोन बस सोडल्या. दार वाजवलं नाही.

मेळ्यात हजारभर माणसं आहेत. कोणी टोपीला घंटी लावलेली, कोणी पायांत दोन रंगांचे बूट. एका आजोबांचं नाव "वळण चुकले". भाषा कोणाची कोणाला कळत नाही आणि कोणाचं अडतही नाही. हळू चालणाऱ्यांची एक वेगळी फेरी असते, तिची वाट नव्या पाहुण्यांपैकी कोणी आखायची अशी रीत. वाडग्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. आयोजक पेशानं बेकरीवाला, दाढीत कायम पीठ. त्यानं पाच किलोंची पिशवी हातात दिली. पाच किलो, बारके! मी अडीच परत केलं.

तर उद्या सकाळी आठ वाजता बागेपासून ठिपके सुरू होतील. तुझ्या दारावरून जातील. पुढे तळ्याकाठच्या हिरव्या बाकापर्यंत. चिठ्ठी देवानं काढली म्हणू, पण रस्ता मी निवडला. मुद्दाम. आणि शहरही मीच निवडलं होतं. मागच्या वेळी माझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

आमच्या खेळात फुलीपाशी पोचलेल्याला कोणी नावं ठेवत नाही. तो ओरडून मागच्यांना सांगतो, ही वाट खोटी, आणि परत फिरतो. मला ते ओरडायला अकरा वर्षं लागली.

आई "कळवू नकोस" असं कधीच म्हणाली नव्हती. ते मी रचलं.

तिसऱ्या दिवसापासून ती रोज तुला विचारत होती. काय म्हणत होती ते कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही, समोर आलीस तर सांगेन. तेव्हा निरोप धाडला असता तर तू पोचली असतीस. मी धाडला नाही. तू नव्या कामाला लागली होतीस, हेलपाटा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं ते नव्हतं. खरं असं की तोंड मी पुसायचं, कूस मी बदलायची, आणि तिनं डोळे उघडून दाराकडे बघायचं. माझ्याकडे नाही. लहानपणापासून तू आईची होतीस. शेवटचे नऊ दिवस तरी ती माझी एकटीची असावी असं मला वाटलं. देवासमोर बसून मी हे खोटं जपत आले आणि वर तुला दरवर्षी लेखी पाठवत आले.

ये असं म्हणायचा मला हक्क नाही. बाक हिरवा आहे.

हे पत्र उलट टपाल स्वतः तुझ्या पेटीत टाकणार आहेत. म्हणाले, "निवृत्त झाल्यापासूनचा माझा पहिला बटवडा." मी विचारलं, तिनं फोडलंच नाही तर? म्हणाले, "पोचवणं आपलं काम. वाचणं टपाल खात्याकडे नाही."

तुझी,
ताई

॥ श्री ॥
६ एप्रिल, घरून

प्रिय बारके,

तुझं पाकीट काल मिळालं. त्याचं शेवटी लिहिते.

तू म्हणशील, त्या सकाळचं मला काय सांगतेस, मी तिथेच होते. पण तू तुझ्या बाजूनं होतीस. माझ्या बाजूनं काय दिसलं तेही तुझ्याकडे असू दे.

बागेपासून मी एकेक चिमूट टाकत निघाले. जीव होत नव्हता, म्हणून ठिपके इतके बारीक टाकले की उसवणीनं मागून ओरडून सांगितलं, "पिशवी, लोकांना भिंग वाटायचं का?" तुझ्या दाराशी मात्र हात सैल सोडला. तिथे एक चांगली ओंजळ टाकली. वर बघितलं नाही. तळ्याकाठी पोचून बाकावर बसले आणि माळ काढली.

चाळीस माणसं यायची होती. पाव तास झाला, अर्धा झाला, कोणी येईना. मला वाटलं, झालं, वाट चुकली माझी. उसवणीला बघायला पाठवलं. आणि तेवढ्यात वळणावर तू दिसलीस. एका हातात हातझाडू, दुसऱ्या हातात डबा. वाकायचीस, झाडायचीस, डब्यात भरायचीस आणि पुढच्या ठिपक्याकडे यायचीस. पुटपुटत. डोकं खाली. केस अर्धे पांढरे.

शेवटचा ठिपका माझ्या बुटाशी होता. तो भरलास आणि वर बघितलंस. अकरा वर्षांनी तुझा पहिला शब्द असा, "ताई, ही काय नासाडी?"

मी म्हटलं, "अगं, अडीच किलो परत केलं."

तू डबा बाकावर ठेवलास. मी विचारलं, "पत्र वाचलंस?" तू म्हणालीस, "कुठलं पत्र? पेटी मी शनिवारीच उघडते. आणि तुझी पत्रं मी फोडत नाही. दाबाखाली ठेवते." म्हणजे तू आलीस ती माझ्या पत्रासाठी नाही. सांडलेलं पीठ खळीला, म्हणून आलीस. आईनं लावलेल्या शिस्तीनं तुला माझ्यापर्यंत आणलं, आणि मला वाटत होतं की माझ्या अक्षरानं आणलं असेल.

मग जे कोऱ्या कागदावर लिहिलं होतं ते तोंडानं सांगावं लागलं. लिहिणं सोपं असतं गं. तोंडानं सांगताना समोर तुझे डोळे होते. मी सांगत होते आणि तू डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होतीस, गोल गोल. सांगून झालं तेव्हा तू उठलीस आणि चालायला लागलीस. वीस पावलं गेलीस. मी मोजली. हाक मारली नाही, तेवढी तरी अक्कल मला देवानं दिली.

तू परत आलीस. उभ्यानंच विचारलंस, "म्हणजे तिनं मला बोलावलं होतं?"

"रोज."

"मला अकरा वर्षं वाटत राहिलं की तिला मी नको होते. शेवटी तिला मी नको होते, ताई!"

"हो."

"हो काय हो! काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांग. एक शब्द तुझा घालू नकोस."

मी सांगितलं. मग तू रडलीस, मी रडले, आणि तळ्यातली बदकं आपल्याकडे काही खायला असेल म्हणून काठाशी जमली. ते बघून तू रडता रडता डब्याचं झाकण घट्ट लावलंस. तेव्हा मला खात्री पटली की ही बारकीच.

चाळीस माणसं त्या वेळी तुझ्या दारात उभी होती. दारापुढची वाट तू झाडून नेलेली. काही डावीकडच्या गल्लीत शिरली, काही शाळेच्या मैदानात, आणि "वळण चुकले" आजोबा म्हणे थेट एका न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले. ती सगळी हरवली म्हणून आपल्याला तेवढा वेळ मिळाला. देव कुठून कशी सोय करतो!

शेवटी ते ओरडत आले. वाट नीट आखली नाही म्हणून मला शिक्षा ठरली, डोक्यावर तांब्याभर गार पाणी. मी वाकले. तर तू पुढे झालीस, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणालीस आणि डबा उघडून दाखवलास. सगळे हसून हसून खाली बसले. बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणालीस, "तुमची वाट माझ्या डब्यात आहे म्हटलं." मी तुला रुमालाची गोष्ट सांगितली नव्हती, बारके. ती तर दाबाखाली होती.

निम्मं पाणी तुझ्यावर ओतलं त्यांनी. नाव मात्र ठेवू दिलं नाहीस. "मला आहे नाव. बारकी," म्हणालीस.

चहाला तुझ्याकडे आलो. तू पाठ करून उभी होतीस. म्हणालीस, "ताई, मी तुला माफ केलंय असं समजू नकोस." मी म्हटलं, "नाही समजत." मग तू पंचा माझ्या अंगावर फेकलास. "डोकं पूस. सर्दी झाली तर माझ्या नावानं खडे फोडशील." उसवण दोघींकडे बघून मला हळूच म्हणाली, "टाका पडला गं. कच्चा आहे, ओढू नकोस." मी ओढत नाही.

आता तुझ्या पाकिटाचं. ते फोडायला जीव होईना. डिंक नव्हता, खळ होती. बोटाला बारीक वाळू लागली. आत तुझ्या चार ओळी: खळ बरी झाली, वाळू राहिली कारण चाळणी जाड होती. पहिलं पत्र फोडलं, बाकीची महिन्याला एक फोडीन, घाई करू नकोस. गुडघ्यांना जप. आणि आई जे म्हणाली ते मला लिहून पाठव, पुस्तकात बांधून ठेवायचं आहे.

पाकीट यांना दाखवलं. यांनी वाळू बोटांत चोळून बघितली आणि म्हणाले, "दोघी एकाच साच्यातल्या." मला ते फार बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

कोरा कागद घेतला आहे. देवासमोर बसून लिहिते. तिसऱ्या दिवसापासून रोज, दिवेलागणीला, दाराकडे बघून आई हे म्हणायची. माझा एक शब्द यात नाही.

"बारकी आली का गं? कडी लावू नकोस. तिचा हात पोचत नाही."

तुझी,
ताई